गाडीचे दिवे मालवा

"कुठलं अक्षर आहे, सांग बघू."

मास्तरांनी एक्स-रेची काळी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली होती. मधोमध ब्लेडनं कोरलेल्या जागेतून उजेड येत होता.

"व," सून म्हणाली.

"इतक्या जवळून कुणीही सांगेल. दाराशी जाऊन बघ."

ती आत्ताच कामावरून आली होती. डब्याची पिशवी खांद्यालाच होती. ती तशीच मागं मागं दाराशी गेली आणि तिथून म्हणाली, "वच आहे, बाबा."

"हां. काल 'व'च्या पोटातला तुकडा गळून पडला आणि सगळं भगदाड झालं. आज फिल्म आधी बटर पेपरवर चिकटवली, मग कोरलं." मास्तरांनी फिल्म टेबलावर ठेवली. "तिथं विजेचा पॉइंट आहे का, विचारलंस?"

"कुठं?"

"अगं, पाटी लावायची तिथं. सेक्रेटरींना विचारून येते म्हणाली होतीस ना?"

ती विसरली होती. खरं तर विचारण्यासारखं काही नव्हतंच. "नाहीये पॉइंट," ती म्हणाली.

"मग बॅटरीवर चालवावी लागेल," मास्तर म्हणाले. त्यांना अडचण आल्याचा आनंदच झालेला दिसला. "तो जुना इमर्जन्सी दिवा आहे ना आपला, तो खोलतो."

ती आत गेली. कपाटामागं फ्लेक्सची गुंडाळी उभी होती. गल्लीच्या मंडळाच्या सेक्रेटरींनी सांगितलं म्हणून काल येताना तिनंच ती छापखान्यातून आणली होती आणि मास्तर अंघोळीला गेलेत असं बघून चोरासारखी आत नेली होती. वर इस्त्रीची चादर टाकली होती, तरी चादरीखाली कुणीतरी उभं असल्यासारखं वाटायचं. एका अर्थी होतंच. फ्लेक्सवर रोषणाईच्या शुभेच्छा बोटभर आणि सेक्रेटरींचा हसरा फोटो हातभर होता.

त्यांच्या गल्लीत वर्षअखेरच्या सुट्टीत रोषणाई व्हायची. घराघरांवर माळा, झाडांवर माळा, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्यांचं छत. लांबून लांबून लोक गाड्या घेऊन बघायला यायचे. हे छत इतकी वर्षं मास्तर बांधायचे. ते काही वायरमन नव्हते. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्यांनी जन्मभर कापड कापलं होतं, मास्तर हे नावही तिथलंच. पण कटरचा हात, सगळं सरळ रेषेत येणार. गेल्या वर्षी शिडीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. आत पट्टी आणि स्क्रू बसवून डॉक्टरांनी घरी पाठवलं.

यंदा गल्लीच्या मीटिंगला घरातर्फे सून गेली होती. रोषणाईचं काम कंत्राटदाराला द्यायचं, पाटी फ्लेक्सची करायची, असं ठरलं. मास्तरांना शिडीच्या जवळपास फिरकू द्यायचं नाही, हेही ठरलं. "तुम्ही सांगा त्यांना," सेक्रेटरी म्हणाले. "तुमचं ऐकतात."

कसं सांगायचं ते तिनं वाटेत चार वेळा मनात घोळवलं. घरी येऊन बघते तर पॅसेजमध्ये दोन खुर्च्यांवर शिडी आडवी, आणि मास्तर तिच्या बिजागरीत तेल सोडतायत. घोळवलेलं सगळं राहिलं बाजूला आणि तोंडातून निघून गेलं, "बाबा, तुम्हाला पाटीचं काम दिलंय."

"कसली पाटी?"

"गल्लीच्या तोंडाशी लावायची. गाडीचे दिवे मालवा, अशी."

ही मास्तरांचीच दरवर्षीची तक्रार. लोक गाड्यांचे दिवे ढणढणीत ठेवून आत येतात, मग आपल्या माळा दिसणार कशा? त्यांचीच तक्रार तिनं त्यांना काम म्हणून परत दिली. तेलाची बुदली तशीच हातात धरून मास्तर तिच्याकडं बघत राहिले.

"मीटिंगमध्ये बोलले सगळे असं?"

"हो ना."

"माप काय सांगितलंय?"

मापाचा तिनं विचारच केला नव्हता. टेबलावर चहाचा ट्रे होता. "या ट्रेएवढी," ती म्हणाली.

मास्तरांनी खिशातली टेप काढून ट्रे मोजला. टेप अजून त्यांच्या खिशात असायची, नोकरी सुटून इतकी वर्षं झाली तरी. "लहान नाही होणार? गाडीतून वाचायचीय."

"त्यांनी एवढीच सांगितलीय."

"मग एवढीच," मास्तर म्हणाले. दिलेल्या मापावर वाद घालायचा नाही, हा त्यांचा धंद्यातला नेम होता. माप देणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, अंग त्याचं असतं, असं ते म्हणायचे. त्याच संध्याकाळी शिडी माळ्यावर गेली.

रात्री जेवताना तिनं नवऱ्याला हळूच सगळं सांगितलं, तेव्हा तो हसला. "बरं केलंस की. बसून राहतील एका जागी."

"अरे, पण ती पाटी लागणारच नाहीये."

"लावू कुठंतरी. त्यात काय एवढं?"

त्याला त्यात काही एवढं वाटत नव्हतं, कारण तो शिफ्टवरून आला की झोपायचा. अक्षरं ओळखायला दाराशी उभं राहायची पाळी त्याच्यावर येत नव्हती.

ती एक्स-रे सेंटरच्या काउंटरवर बसायची. न्यायला कुणी न आलेल्या जुन्या फिल्म्स तिथं पोत्यात पडून असायच्या. नावाचा कोपरा कापून तिनं मास्तरांना गठ्ठाभर आणून दिल्या होत्या. पाटीला म्हणून खर्च असा नाहीच, हा मास्तरांचा अभिमानाचा विषय होऊन बसला. फळवाल्याची लाकडी पेटी, तिला पुढून फिल्म्स, मागून बटर पेपर आणि त्याच्या मागं दिवा. हाडं असतात तिथं फिल्म पांढुरकी, तिथून उजेड आरपार जातो. म्हणून मागच्या बाजूनं बुटाचं काळं पॉलिश. नवऱ्याची पॉलिशची डबी आठवड्यात चाटूनपुसून रिकामी झाली.

"बघ, कुणाचे तरी गुडघे," मास्तर फिल्म दाखवून म्हणायचे. "बिचारा चालत असेल की नाही कोण जाणे, पण आपल्या कामाला आला."

ती हसायची आणि लगेच तिला स्वतःच्या हसण्याची लाज वाटायची. मास्तर जेवायला हाक मारली की "आलो, एवढा काना झाला की" म्हणायचे. पडल्यापासून सोडून दिलेली सकाळची दाढी पुन्हा सुरू झाली होती. हे सगळं तिच्या एका थापेवर उभं होतं.

एक दिवस सेंटरवर बसल्या बसल्या तिला पायाखाली काही टोचलं. चप्पल काढून बघितलं तर टाचेला फिल्मचा बारका, गोल कपचा चिकटला होता. 'व'च्या पोटातला, पहिल्या खेपेला गळून पडलेला. मास्तरांनी तो सगळ्या घरभर वाकून शोधला होता, त्या खुब्यानं. समोर पेशंट उभे होते आणि ती तो कपचा तळहातावर घेऊन बसली. आज घरी गेलं की सांगायचंच, तिनं ठरवलं. ओरडतील, एक दिवस जेवणार नाहीत. चालेल.

घरी मास्तर तिची वाटच बघत होते.

"फिल्म संपल्या. 'मालवा' तेवढं राहिलंय."

"बाबा, मला जरा बोलायचंय."

"बोल की. त्याआधी माझी ती फिल्म काढून दे ना कपाटातली. खुब्याची."

"ती कशाला?"

"आता काय तिचा उपयोग? हाड जुळलं. मोठी आहे, 'मालवा' एका तुकड्यात बसेल." त्यांनी हात पुढं केला. "आणि त्याच रोषणाईपायी मोडलं होतं. लागू दे तिथंच सार्थकी."

तिनं फिल्म काढून दिली. कपाट उघडताना मागची गुंडाळी जरा सरकली, ती तिनं गुडघ्यानं दाबून धरली. मास्तरांनी फिल्म उजेडासमोर धरली, स्क्रू निरखले, आणि ब्लेड हातात घेतलं.

"तू काय बोलणार होतीस?"

"काही नाही. तुमचा तुकडा सापडला," ती म्हणाली आणि तिनं तो कपचा टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती सेक्रेटरींकडं गेली. मास्तरांनी हौसेनं एक पाटी केलीय, गल्लीच्या तोंडाशी लावू या का, असं तिनं विचारलं. "हौसेनं" म्हणताना तिची जीभ अडखळली.

"अहो, मास्तर आमचेच आहेत," सेक्रेटरी म्हणाले. "पण फ्लेक्सशेजारी फळांची पेटी कशी दिसेल? मीटरच्या खोलीवर लावू की. तिथं भिंत रिकामीच आहे."

मीटरची खोली गल्लीच्या आतल्या बोळात होती. गाडी सोडाच, तिथं माणूससुद्धा बिल बघायला जायचा तेवढाच. तिनं भांडायला हवं होतं. तिनं मान डोलावली.

रोषणाईच्या संध्याकाळी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून, काठी घेऊन तिच्याबरोबर बाहेर पडले. कंत्राटदाराचं छत लागलं होतं. मध्येमध्ये झोळ पडला होता, पण मास्तर तिथं थांबले नाहीत. त्यांना गल्लीच्या तोंडाशी जायची घाई होती. तिथं पोचून ते वर बघत उभे राहिले. फ्लेक्सवरून सेक्रेटरी हसत होते.

"माझी कुठाय?"

"आत लावलीय. मीटरपाशी."

ते तिच्यामागून बोळात आले. नवऱ्यानं दुपारी पेटी खिळ्याला टांगून, दिवा लावून ठेवला होता. दोन सायकली आणि एक मोडकी बाबागाडी यांच्या वर तीनच शब्द, पण काय स्वच्छ उजळले होते. गाडीचे दिवे मालवा. खालच्या ओळीत पॉलिश पातळ बसलं होतं. 'मालवा'च्या मागं हाड अंधुक दिसत होतं, आणि स्क्रू.

मास्तरांनी बाबागाडीकडं बघितलं.

"तो फ्लेक्स कधी आला?"

आता थाप मारायची ताकद तिच्यात नव्हती. "तुम्ही 'व' कापत होतात तेव्हा."

"दिव्यातला का मालवातला?"

"दिव्यातला."

"म्हणजे 'मालवा' सगळं राहिलं होतं." ते काठीवर जरा रेलले. "मीटिंगमध्ये कुणी काही बोललं नव्हतं तर."

"नाही. तुम्ही शिडी काढली होतीत, मी घाबरले. मला दुसरं काही सुचलं नाही, बाबा."

"आणि माप?"

ती वर पेटीकडं बघायला लागली.

"माप कुणी दिलं होतं?"

"कुणीच नाही. ट्रे समोर होता, म्हणून..."

आतापर्यंत त्यांचा आवाज साधा होता. आता तो चिरकला. "माप मनानं सांगतात होय गं? बाकीचं एक वेळ समजलं मला. म्हातारा पडेल, भीती वाटली, ठीक. पण मी तुला विचारलं होतं, लहान नाही होणार का? विचारलं होतं ना? पाटी मी केलीच असती, कुणी सांगितली नसती तरी. एवढी लहान केली नसती."

"चुकलं माझं," ती म्हणाली. तिला रडू फुटलं. मास्तरांनी तिला उगी म्हटलं नाही.

"काढ ती खाली."

तिनं पेटी खिळ्यावरून काढली. घरी न्यायची असेल असं वाटून ती घराकडं वळली, तर मास्तर काठी टेकत उलट्या दिशेला निघाले होते. ती मागं गेली. पॉइंट नाही म्हणून बॅटरी बसवलेली, त्यामुळं दिवा तिच्या हातात जळतच होता.

गल्लीच्या तोंडाशी पहिली गाडी वळत होती. दिव्यांचा झोत थेट छतावर गेला आणि खालच्या माळा एकदम फिक्या पडल्या. बघणाऱ्या माणसांनी डोळ्यांवर हात धरले.

"धर समोर," मास्तर म्हणाले.

तिनं पेटी धरली. गाडी तशीच पुढं येत राहिली.

"त्याला वाचता येत नाहीये. जवळ जा."

"गाडीच्या पुढं?"

"मग? एवढंसं अक्षर, जवळ गेल्याशिवाय कसं दिसणार?"

ती रस्त्याच्या मध्ये गेली. सेक्रेटरी फ्लेक्सखालून "अहो, हे काय" म्हणत आले, पण मास्तरांनी काठी आडवी धरली तसे थांबले. फळांच्या पेटीला धरायला धड कडा नव्हती. लाकडाची कूस बोटात गेली. झोत तिच्या डोळ्यांत होता, गाडीत कोण आहे ते दिसत नव्हतं.

"पोटाशी नको धरूस," मागून आवाज आला. "वर. छातीशी. सरळ धर, उजवीकडं उतरतीय."

तिनं वर धरली. गाडी थांबली. आतला माणूस पुढं वाकला असावा, कारण क्षणभरानं दिवे मालवले गेले. सगळी गल्ली वरपासून उजळून आली. मागं कुणीतरी टाळी वाजवली.

समोरची काच आता काळी झाली होती आणि तिच्यात पाटीचं प्रतिबिंब पडलं होतं. अक्षरं उलटी दिसत होती, तिला वाचता येईनात. स्क्रू मात्र स्पष्ट दिसत होते, एकाखाली एक. गाडी बाजूनं हळूच आत निघून गेली. तिचे खांदे भरून आले होते, पण तिनं हात खाली घेतले नाहीत.

"दुसरी आली," मास्तर म्हणाले.

ती पुढं झाली.