उरलेल्या गोळ्यांवर जगलेला जंतू

मी हिवतापाचा जंतू बोलतोय. नाक मुरडू नका. तुमच्याबद्दल मलाही काही प्रेम नाही.

देवळाली प्रवराजवळच्या एका वस्तीवर, पाण्याच्या उघड्या टाकीत वाढलेल्या डासाच्या मादीने मला आणि माझ्या भावंडांना सृष्टीच्या अंगात सोडलं. सृष्टी पोलीस भरतीची तयारी करायची, रोज पहाटे कालव्याच्या रस्त्याने धावायची. तिचं रक्त कसं सळसळतं होतं. मला तेच हवं होतं.

आधी आम्ही यकृतात मुक्काम ठोकला. काही भावंडं एकाची हजार होऊन लगेच रक्तात उतरली. मी मात्र तिथेच झोपून राहिलो. तुमच्यासारखी घाई मला नसते.

सृष्टीला थंडी वाजून ताप भरला. वस्तीवरची आशा सेविका मोनिका हिने बोटातून रक्त घेतलं, आमचं बिंग फुटलं आणि गोळ्या सुरू झाल्या. रक्तातली भावंडं मेली. यकृतातल्या माझ्यासाठी वेगळ्या गोळ्या होत्या, पंधरवडाभर घ्यायच्या. पण ताप उतरताच तिची आजी बनुबाई म्हणाली, "आता कशाला उगं पोटात गर्मी? ऱ्हाऊ दे त्या. पुढं कुनाला ताप आला तर उपयोगी पडतील."

सृष्टीलाही ते बरंच झालं, कारण उपाशीपोटी गोळी घेऊन धावताना तिला मळमळायचं. मोनिकाने विचारलं की आजी बेधडक सांगायची, "खाल्ल्या की समद्या." गोळ्या फडताळात, मिठाच्या बरणीमागे. अशा काटकसरी बायका घरोघरी असाव्यात.

मैदानी चाचणी तोंडावर आली आणि मला जाग आली. मीही एकाचा हजार होऊन रक्तात उतरलो. एक कोवळी तांबडी पेशी गाठली. तिला चिकटलो, माझं टोक तिच्याकडे येईल असा वळलो आणि तिची कड घट्ट धरून स्वतःला आत ओढलं. अंगावरचं पांघरूण बाहेरच सोललं गेलं. तुमचं घोटभर पाणी पिऊन व्हायच्या आत मी आत होतो. शरीराच्या पहारेकऱ्यांना दिसली ती आपलीच पेशी. आत बसून मी तिच्यातला तांबडा ऐवज खाल्ला, ज्याच्यावर सृष्टीचा दम चालायचा. खाऊन वाढलो, पेशी फोडली, शेजारच्या पेशींत घुसलो. पेशी फुटल्या की पोरीला हुडहुडी भरायची. मला त्याचं काय?

मैदानावर तिला दम पुरला नाही. शेवटच्या वळणावर ती खाली बसली. भरती हुकली. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून ती खूप रडली.

मोनिकाने पुन्हा रक्त तपासलं. मग फडताळातल्या गोळ्या तिच्या हाती लागल्या. बनुबाई मान खाली घालून म्हणाली, "म्याच ठिवल्या हुत्या, बाई." मोनिकाने त्या काढून घेतल्या आणि दोन्ही प्रकारच्या नव्या दिल्या.

माझं आता संपत आलंय. खाल्लेल्या रक्ताचा विषारी गाळ माझ्याच अंगावर उलटतोय. रक्तातल्यांना मारणाऱ्या गोळ्यांची ती करणी. पण यकृतात काही भावंडं अजून झोपलेली आहेत. आणि आज सृष्टी म्हणाली, "आजी, बरं वाटतंय मला आता." मी आशेने कान टवकारले. हेच वाक्य आजवर आम्हाला तारत आलंय.

बनुबाईने तिच्यापुढे भाकरी वाढली, ती खाऊन होऊ दिली आणि गोळी तिच्या तळहातावर ठेवली. "बरं वाटतंय म्हनूनच खायची. गिळ. मी बघतीय."

सृष्टीने गोळी गिळली. त्या म्हातारीला माझा तळतळाट लागो.