खाकी कव्हराखालचा नायक

पंखा सुरू झाला की त्याच्या शर्टाचं दुसरं बटण आपोआप निघायचं. निघावं म्हणूनच त्याचं काज मोठं करून ठेवलेलं होतं. समोरून पाहणाऱ्याला वाटावं, वाऱ्याने शर्ट उडतोय. मागून पाहणाऱ्याला मात्र पाठीच्या कण्यावर ओळीने लावलेले चिमटे दिसायचे, दोरीवर कपडे वाळत घालताना लावतात तसले. शर्ट मापाला मोठा होता, आणि तो अंगासरसा बसवायची स्टुडिओतली रीत हीच.

“डोळ्यांत विरह आणा,” फोटोग्राफर म्हणाला.

“विरह आहेच. चिमटा टोचतोय तो काढा.”

“चिमट्यामुळेच येतोय तो. राहू दे.”

त्याच्या छातीवर डोकं टेकून नायिका उभी होती, लाकडी खोक्यावर, कारण उंचीने ती त्याच्या कोपराला लागायची. एरवी ती एका दातांच्या डॉक्टरकडे पेशंटना नंबर लावून द्यायची. आज तिला सर्दी झाली होती.

“दादा,” ती ओठ न हलवता म्हणाली, “शिंक आली तर तुमच्या शर्टावरच येणार. आधीच सांगून ठेवते.”

“येऊ दे ताई. इथे एक तरी गोष्ट खरी होऊ दे.”

पन्नाशीकडे झुकलेला हा माणूस प्रेमकादंबऱ्यांच्या मुखपृष्ठावर आला कसा, असं कुणी विचारलं तर तो म्हणायचा, “दिवे उचलायला ठेवलं होतं, शेवटी मलाच उचललं.” खोटं नव्हतं ते. स्टुडिओत तो हमाली करायचा. मोठे दिवे, त्यांचे लोखंडी पाय, पडद्यांच्या गुंडाळ्या इकडून तिकडे न्यायच्या. एका सकाळी ठरलेला देखणा तरुण आलाच नाही. प्रकाशकबाई घड्याळाकडे बघून बघून कंटाळल्या, आणि त्यांची नजर खांद्यावर पडदा घेऊन चाललेल्या याच्यावर पडली. कानशिलांवरचे केस पिकलेले, गाल बसलेले. “याचं काहीतरी हरवलंय,” त्या म्हणाल्या. “माझ्या वाचकांना हरवलेली माणसं आवडतात. उभा करा.”

काय हरवलंय ते त्यांनी विचारलं नाही.

पूर्वी तो शाळेची बस चालवायचा. दारू आधी रात्रीची होती, मग दुपारची झाली, मग चावी फिरवण्याआधीची. एका दिवशी बस शाळेच्या फाटकावर जाऊन आदळली. देवाची कृपा एवढी मोठी की बस रिकामी होती, आणि याची समज एवढी तोकडी की ती कृपा होती हे कळायलाही पुढे बराच काळ जावा लागला. नोकरी गेली. मग बायको गेली, थोरल्या बहिणीकडे.

जाताना ती भांडली नाही. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. त्याआधीच्या वर्षांत तो तिला सारखं काहीतरी आणून दाखवायचा: मोरीत रिकामी केलेली बाटली, व्यसनमुक्ती केंद्राची पावती, डॉक्टरची चिठ्ठी. दाखवायचा आणि आठवडाभरात पुन्हा प्यायचा. म्हणून ती दारात चपला घालताना भिंतीला सांगावं तसं म्हणाली, “आता काही बोलायला यायचं नाही. काही दाखवायलाही आणायचं नाही. मला दिसेल तेव्हा दिसेल.” एरवी ती पाणी द्यायचं झालं तरी ‘अहो’ म्हणून सुरुवात करायची. त्या दिवशी नाही.

पुढे तो दोनदा सावरला, दोनदा घसरला, तिसऱ्यांदा मात्र पाय रोवून उभा राहिला. पण हे तिला कळणार कसं? बोलायचं नाही, दाखवायचं नाही. दुधाने तोंड पोळलेली बाई ती, ताकसुद्धा फुंकून पिणारच. तिचा दोष नव्हता. आणि अशात त्याचा चेहरा प्रेमकादंबरीवर छापून येऊ लागला. त्याला वाटलं, देवाने दार उघडलं. कारण त्याची बायको या कादंबऱ्या अधाशासारखी वाचायची. गॅसवर दूध उतू जायचं, पण हातातलं पान सुटायचं नाही. बहिणीच्या घराजवळ वाचनालय होतं. आज ना उद्या ती एखादं पुस्तक उचलणार आणि त्यावर हा असणार, दाढी केलेला, डोळे स्वच्छ, सरळ उभा. तो बोललेला नसेल, त्याने दाखवलेलं नसेल. तिला दिसलेलं असेल.

माणसाचं असंच असतं. देवाकडे मागतो एक गोष्ट, आणि मागतानाच त्याला वाटही आखून देतो, की बाबा, याच रस्त्याने ये, याच दाराने ये. देव बिचारा दुसऱ्या दाराशी उभा राहून राहून दमतो.

पहिलं पुस्तक आलं. दुसरं आलं. तो फोन खिशातून काढायचा, बघायचा, परत ठेवायचा. काही नाही. तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी तर तमाशाच झाला.

“या गोष्टीत नायक उद्ध्वस्त झालाय,” प्रकाशकबाई म्हणाल्या. “हातात पेला हवा.”

पेला आला. काचेचा, बुटका, त्यात बिनदुधाचा गार चहा. त्याने तो घेतला, आणि त्याच्या बोटांनी तो असा धरला की फोटोग्राफर खूश झाला. “वा. शिकवावं लागलं नाही.”

ते ऐकलं आणि त्याने पेला खाली ठेवला.

“हे नको.”

“चहा आहे तो,” बाई म्हणाल्या.

“मला माहितेय चहा आहे. बघणाऱ्याला माहीत नसणार.”

“बघणारे हजारो असतात. त्यांना काय सांगायचंय तुम्हाला?”

“हजारांना नाही.”

“नाकापेक्षा मोती जड व्हायला लागला,” बाई फोटोग्राफरला म्हणाल्या, पण याला ऐकू जाईल अशा बेताने. पंखा चालू होता, दिवे तापले होते, नायिका खोक्यावर ताटकळली होती. शेवटी फोटोग्राफरने तोड काढली: पेला काढा, पण बोटं तशीच ठेवा, हातात काय द्यायचं ते मागाहून बघू. याने बाईंकडून शब्द घेतला की पेला द्यायचा नाही. शब्द त्यांनी पाळला, म्हणजे हातात काहीच दिलं नाही. पुस्तक तसंच निघालं: रडवेली नायिका, मागे समुद्र, आणि नायकाची बोटं हवेला धरून बसलेली. पुढच्या पुस्तकाला बाईंनी त्याला बोलावलं नाही. तो पुन्हा दिवे उचलू लागला. त्यानंतर वाचकांची पत्रं आली म्हणून परत बोलावलं, तेव्हा चिमटे आणखी घट्ट लावले.

आणि तिकडून अजून काही नाही.

शेवटी न राहवून तो त्या वाचनालयात गेला. ती दुपारी येणार नाही असा अंदाज बांधून दुपारी गेला. टेबलामागे एक म्हातारे काका चष्मा पुसत बसले होते.

“नव्या प्रेमकथा आहेत का?”

“तुमच्यासाठी?”

“बायकोसाठी.”

“सगळे तेच म्हणतात,” काका म्हणाले आणि पुस्तकांची एक चवड त्याच्यापुढे सरकवली.

सगळी खाकी. वरपासून खालपर्यंत एकजात खाकी कागदाची कव्हरं, पाठीवर शाईने नाव आणि नंबर. तो एकेक उलटून बघू लागला. मागूनही खाकी.

“मुखपृष्ठ कुठंय?”

“आत.”

“आत म्हणजे? दिसणार कसं?”

“दिसू नये म्हणून तर कव्हर. तरण्या पोरी चोरून नेतात, म्हाताऱ्या राजरोस नेतात, पण खाकीत असलं की सासूसमोरही वाचता येतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आणि ज्याचं चित्र आहे त्याने काय करायचं?”

काकांनी चष्मा घातला, याला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, “त्याने आधी बटणं लावावीत.”

त्याच्या डोक्यात सणक गेली. वर्षभर पाठीत चिमटे टोचून घेतले, गोड सोडलं, तुपाकडे बघितलं नाही, गालाला रंग फासून दिव्यांपुढे उभा राहिला, आणि इथे त्याच्या तोंडावर खाकी कागद. त्याला ती सगळी कव्हरं टराटरा फाडावीशी वाटली. एका पुस्तकाच्या कोपऱ्यात त्याने नख घातलंसुद्धा. आणि नख तिथेच थांबलं.

कोपरा तिरका कापून, दोनदा दुमडून, आतल्या खाचेत खोचलेला होता. डिंक नाही, चिकटपट्टी नाही. आयुष्यात असा कोपरा त्याने एकाच घरात पाहिला होता. फडताळातले कागद असेच खोचलेले असायचे. त्याच्या ड्रायव्हिंग लायसन्सलाही तिने असंच कव्हर घातलं होतं. लायसन्स गेलं, कव्हर अजून घरात होतं.

“कव्हरं कोण घालतं?”

“बाई आहे एक. घरी गठ्ठे नेते. हात असा की इस्त्री मारल्यासारखं. का?”

तो बाहेर पडला.

म्हणजे तिने बघितलं होतं. एकेक पुस्तक तिच्याच हातात गेलं होतं. वाचनालयातल्या बाकी कुणी नसेल बघितलं, पण तिने सगळी बघितली होती, आणि बघून झाकली होती. तिच्या बहिणीकडे न जाण्याचं त्याने स्वतःला घातलेलं बंधन त्या रस्त्यातच कुठेतरी गळून पडलं.

दार साडूने उघडलं. हा साडू म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, हाफ पँटमध्ये, हातात वर्तमानपत्र. “या, नायक,” तो म्हणाला. “शर्ट पूर्ण घालून आलात, बरं वाटलं.”

म्हणजे यालाही माहीत होतं.

ती खिडकीपाशी टेबलावर काम करत होती. एका बाजूला उघडी पुस्तकं, एका बाजूला झाकलेली, मध्ये कागदाची गुंडाळी, कात्री, स्टीलची पट्टी. तिने मान वर केली नाही. “भाओजी, खुर्चीवरचे गठ्ठे काढा. बसायला द्या.”

“मला बसायचं नाहीये,” तो म्हणाला. “तू सगळी बघितलीस.”

“हो.”

“आणि झाकलीस.”

“कामच ते आहे.”

“एक शब्द नाही? मी तिथे माकडासारखा उभा राहतोय...”

“कुणी सांगितलं होतं?”

“बोलायचं नाही म्हणालीस. दाखवायचं नाही म्हणालीस. मग माणसाने करायचं तरी काय?”

“चित्र म्हणजे दाखवणंच की,” ती म्हणाली. कात्री चालूच होती. “आधी चिठ्ठी आणून दाखवायचे. आता छापून.”

साडू खाकरला. “फोटोत चांगलंच दिसतं माणूस,” ती पुढे म्हणाली. “आपल्या लग्नाच्या फोटोत काय कमी दिसत होतं? फोटो बघून एकदा फसले. परत फसायचं?”

“मग दिसणार कधी तुला? मेल्यावर?”

“भाओजी, चहाचं बघता?” ती म्हणाली. साडूला चहा येत नव्हता, पण तो आत गेला.

पट्टीखालून तिने एक पुस्तक ओढलं. त्याला कव्हर नव्हतं. रडवेली नायिका, मागे समुद्र, रिकामा हात.

“हे एक मी अजून दिलेलं नाही,” ती म्हणाली. “काका दोनदा मागून गेले. ही बोटं अशी का आहेत?”

“पेला होता.”

“मग गेला कुठे?”

“ठेवला.”

“त्यांनी ठेवायला सांगितला?”

“ते धर म्हणत होते. मीच ठेवला. त्यावरून नंतर मला बोलावणंही बंद केलं होतं.”

“काय होतं त्यात?”

“चहा.”

“चहाच होता तर ठेवला कशाला?”

“तुला काय कळणार होतं, चहा आहे म्हणून?” तो जवळजवळ ओरडलाच. मग आवाज खाली आणून म्हणाला, “तुला लांबून काय दिसलं असतं?”

तिने पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. मग ते पुस्तक आणि कागदाचा एक तुकडा त्याच्यापुढे सरकवला.

“घाला याला कव्हर. काका वाट बघतायत.”

“माझ्याच तोंडावर मी?”

“मग काय मी काकांना बोलावू?”

तो बसला. कागद पसरला, पुस्तक मध्ये ठेवलं, टेबलावरची दुसरी कात्री घेतली. कागद सरळ कापला गेला. बोटं जराही थरथरली नाहीत, आणि ती कागदाकडे बघत नव्हती, बोटांकडे बघत होती, हे त्याला मान खाली घालूनही कळत होतं. घाम मात्र फुटला, स्टुडिओत फवारा मारूनही येत नाही तसला. कोपरा दुमडला. तो फुगला.

“फुगलंय,” ती म्हणाली.

“पहिल्यांदा घालतोय.”

“काढा. परत घाला.”

त्याने काढलं. समुद्र दिसला, हात दिसला, परत झाकला. यावेळी कोपरा खोचला जाईना. आतून साडूने विचारलं, साखर कुठंय. तिसऱ्यांदा कागदच फाटला आणि त्याने तो चुरगाळून टेबलावर आपटला.

“जमणार नाही मला हे. डोळ्यांत विरह आणणं याहून सोपं आहे.”

ती हसली नाही. नवा कागद तिने त्याच्यापुढे टाकला आणि स्वतःच्या हातातल्या पुस्तकाकडे वळली. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला. मग त्याने पुन्हा पुस्तक मध्ये ठेवलं. यावेळी घाई केली नाही. तिरकं कापलं, दोनदा दुमडलं, खाचेत सरकवलं. एक कोपरा बसला. दुसरा वर येत होता.

“अहो, अंगठ्याने दाबा ना तिथे,” ती वैतागून म्हणाली.

तिच्या कात्रीचा आवाज क्षणभर बंद पडला. मग पुन्हा सुरू झाला.

त्याने अंगठ्याने दाबलं. कोपरा तरीही थोडा उचललेलाच राहिला. तिने त्यावर स्टीलची पट्टी ठेवली आणि उघड्या पुस्तकांच्या गठ्ठ्यातलं पुढचं पुस्तक त्याच्याकडे सरकवलं. त्यावर दुसराच कुणीतरी नायक होता, तरुण, बटणं उघडी.

“हा कोण?” त्याने विचारलं.

“कोण का असेना,” ती म्हणाली. “झाका.”