तीन नंबरची पेटी

मले राग येते, तं खोटं काऊन बोलू? आजही येते.

साल अडुसष्ट. पॉलिटेक्निकची शेवटची प्रॅक्टिकल. पास झालो असतो तं वीज मंडळातली नोकरी हातात होती. टेबलावर लाकडाची काळी पेटी, तीन नंबरची. डाव्या बाजूले दोन टर्मिनल, उजव्या बाजूले दोन. आत काय हाये ते पाहाचं नाही. डावीकडून करंट द्यायचा, उजवीकडं मोजायचा, मंग उलटं करायचं, अन् त्यावरून चार आकडे काढायचे. चार आकडे कळले का पेटी कळली, झाकण उघडायची गरजच नाही. शास्त्र मोठं देखणं हाये हो, माणसंच हरामखोर.

पेटी लाखेनं बंद. दर दसऱ्याले तिले हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे, पण आत डोकावून कोणी पाहे नाही. तिचे आकडे चौसष्ट सालीच रजिस्टरात लिहून ठेवले होते, अन् ते साऱ्या पोराईले पाठ होते.

माहा मोठा भाऊ माणिकराव दोन वर्षं आधी याच पेटीवर नापास झाला. "काटाच हालत नाही, पेटीतच खोट हाये," म्हणे. "नाचता येईना अंगण वाकडं!" मीच म्हटलं होतं, मायसमोर, अन् खदाखदा हासलो होतो. मायही हासली होती. तवापासून तो पिंपळगाव राजा गावाले दुसऱ्याच्या वावरात मजुरीले जाये. मी परीक्षेले निघालो तवा त्यानं एवढंच सांगतलं, "तीन नंबर आली तं मोजू नको. पाठ केलेलं लिही."

पण मी मोजलं. उजवीकडं काही जोडलं नसलं तरी डावीकडून या पेटीत थोडा करंट जायलेच पाहिजे. रजिस्टरात चाळीस मिलिअँपिअर होतं. माह्या मीटरचा काटा जागचा हलेना. वायर बदलली, मीटर बदलला. शून्य ते शून्यच. मी शून्य लिहिलं.

भगवंतराव सरांनी रजिस्टर उघडलं. "इंद्रभान, चूक."

"सर, मधला रेझिस्टन्स जळला असन. उघडून पाहा."

"चार वर्षं पोरं बरोबर उत्तर देऊन राह्यले, अन् तूच एकटा शहाणा? फी माफ झाली म्हणून अक्कल येते का रे तुम्हा लोकांले?"

तुम्हा लोकांले! डोस्कं सटकलं माहं. पेचकस उचलला अन् लाख फोडली. मधला रेझिस्टन्स जळून कोळसा झाला होता.

सरांनी वाकून पाहिलं. चांगलं पाहिलं. मंग रजिस्टर मिटलं. "सील तोडलं. नियमानं नापास."

"म्हणजे मोजणारा नापास अन् घोकणारा पास? आग लागो तुमच्या रजिस्टरले!"

चपराशानं दंडाले धरून मले बाहेर काढलं.

एसटीत गावापर्यंत दातओठ खात आलो. माणिकराव दिवसभर ढेकळं फोडून आला होता, दारात पाय धूत होता.

"कोणती आली बे?"

"तीन नंबर."

"पाठ केलेलं लिहिलं ना?"

"नाही. शून्य लिहिलं. दादा, तुले आलं होतं तेच आलं. मी पेटी फोडली. आत कोळसा हाये."

त्यानं हातातला तांब्या खाली ठेवला. मी नापास झालो का पास, तेही त्यानं विचारलं नाही.

"मायले सांग," तो म्हणाला. "जाय, आधी मायले सांग."