काळा चौकोन

मित्रांनो, मी एक जुना, रागावलेला कुंचला आहे. राग सोडून द्यावा म्हणतात. मला ते जमलेलं नाही.

जपानमधल्या कुमानो गावात एका म्हातारीनं बकरीचे केस निवडून मला बांधलं. तिथून मी मात्सुमोतोला चित्रकार फुसाएबाईंच्या हाती आलो. त्यांचे यजमान तोमोजी सुडोकूसारखी अंककोडी सोडवण्यात पटाईत. पक्षाघातानं त्यांची वाचा गेली, उजवा हात गेला; कोडी तेवढी राहिली. मग बाईंनी कागदावर नऊ बाय नऊ चौकोन आखले. एक म्हणजे जेमतेम राखाडी, नऊ म्हणजे काळाकुट्ट. तोमोजी डाव्या बोटानं टेबलावर टकटक करून आकडा सांगायचे आणि बाई काळ्या शाईत पाणी मिसळून त्या छटेनं चौकोन भरायच्या. एका ओळीत तीच छटा दुसऱ्यांदा यायची नाही. नवरा-बायकोचं बोलणं असं माझ्या केसांतून चालायचं. लोक चित्रं पाहायला येत आणि नुसते उभे राहत. मला फार अभिमान वाटायचा.

त्यांचा पुतण्या काझुया चित्रं विकायचा. एक चित्र हॉटेलात जायचं होतं. दोघं दवाखान्यात गेली असताना तो आला. मला पांढऱ्या रंगात बुचकळून त्यानं कोपऱ्यातला काळा चौकोन राखाडी करून टाकला आणि मला न धुताच खिडकीत टाकून गेला. ऊन होतं. माझे केस दगडासारखे झाले. ते पाप त्यानं माझ्याच हातून करवलं, हे मी कसं विसरू?

संध्याकाळी तो चित्र न्यायला आला, तेव्हा तोमोजी त्या कोपऱ्याकडे बघून टेबलावर मूठ आपटत होते.

"काकू, तो चौकोन डागासारखा दिसतो, असं मॅनेजर म्हणाले," काझुया म्हणाला. "एवढ्याशानं काय बिघडतंय?"

"हीच छटा त्या ओळीत आधी आहे. काकांना दारातून दिसलं."

"हॉटेलात कोण मोजत बसणार?"

"मग त्यांना पडदे वीक. चित्र मिळणार नाही."

"मी शब्द दिलाय, काकू."

"तुझा शब्द तू निस्तर. त्यांनी एकेक आकडा बोटानं सांगितलाय, काझुया. तू त्यांचं बोलणं खोडलंस."

काझुयाची मान खाली गेली. बाईंनी मला त्याच्या हातात कोंबलं. "बाह्या सार. आधी हा धू."

तो मोरीपाशी बसून मला कोमट पाण्यात चोळत राहिला. माझे निम्मे केस गळले. चित्र तर वायाच गेलं. कागदात मुरलेला रंग निघाला नाही. तोमोजींनी बाईंना नवा कागद आखायला लावला. फिक्या छटांना आता दुसरा कुंचला आहे. मी फक्त नऊ भरतो, तेही खरखरीत.

मित्रांनो, कुंचला वापरलात तर लगेच धुवा. आणि दुसऱ्याच्या चित्राला हात लावण्याआधी त्याला विचारा, तो बोलू शकत नसला तरीही. काझुया परवा माझी माफी मागून गेला. मी अजून दिलेली नाही.