मागच्या बाजूचं वजन

किण् किण् किण्.

घरातली शांतता मोडली ती आप्पांच्या चमच्याने. ते चहा ढवळत होते. डॉक्टरांनी त्यांची साखर कधीच बंद केली होती, त्यामुळे कपात ढवळण्यासारखं काही नव्हतं. पण ज्या माणसाने पोटच्या मुलाशी बोलणं टाकलंय, त्याने आपण अजून रागातच आहोत हे घराला कळवायचं तरी कसं? चमचा वाजला की स्वयंपाकघरात सून ओळखायची, आता निरोप निघणार.

"ठकी," आप्पा नातीला म्हणाले, "तुझ्या बापाला विचार, बोट आज पाण्यात जाणार आहे की नुसती रंगवून बघत बसायचंय."

बाप त्याच टेबलाशी हातभर अंतरावर बसला होता. तरी ठकीने इमानेइतबारे मान वळवली. "बाबा, आजोबा विचारतात..."

"ऐकलं. दुपारी जाणार म्हणावं."

"आजोबा, दुपारी जाणार म्हणावं."

"म्हणावं, बघू," आप्पा म्हणाले आणि पुन्हा ढवळायला लागले.

भांडण इंजिनावरून होतं, आणि खरं पाहिलं तर इंजिनावरून नव्हतंच. बोट आप्पांची. लहानशी, लाकडी, मासेमारीची. गुडघे गेले तेव्हा त्यांनी ती मुलाच्या हवाली केली. मागोमाग बोटीच्या फळ्याही गेल्या. इंजिन तर असा धूर ओकायचं की पाण्याखाली मासेसुद्धा खोकत असतील. मुलाने ठरवलं, कुजक्या फळ्या बदलायच्या, फटींत नवा कापूस ठोकायचा आणि इंजिन नवं बसवायचं. आप्पांनी याला हरकत घेतली नव्हती. "जुनं काढाल तेव्हा मला बोलवा," एवढंच म्हणाले होते. आणि नेमके ते केस कापायला गेले असताना क्रेन रिकामी सापडली. कुणीतरी बातमी पोचवली. आप्पा गळ्यात न्हाव्याचं फडकं आणि डोक्यावर अर्धे केस घेऊन धक्क्यावर धावले, तेव्हा इंजिन साखळीला लोंबकळत होतं. "या बोटीत मी पाय ठेवणार नाही," असं त्यांनी तिथेच जाहीर केलं. उरलेले केस कापून घ्यायलाही ते परत गेले नाहीत. ते काम शेवटी सुनेनेच अंगणात उरकलं.

सुनेला मात्र या अबोल्याची तेवढी धास्ती नव्हती. तिची धास्ती वेगळीच. मोठ्या जहाजांवर माणसं भरणारा एजंट येऊन गेला होता, आणि नवऱ्याने त्याला शब्द दिला होता: हंगामाच्या पहिल्या दिवशी माझी बोट निघाली नाही, तर मी तुमच्या जहाजावर. ते जहाज वर्षातून एकदा परत येतं. तान्ह्याला तेव्हा बापाची ओळख नव्याने करून द्यावी लागली असती. ती बाळाला पाजता पाजता त्याच्या केसांतून बोट फिरवायची आणि धक्क्यावरच्या ठोकाठोकीकडे कान लावून बसायची. ठोकणं चालू आहे तोवर माणूस घरचा.

नवऱ्याने अभ्यासात कसर ठेवली नव्हती. इंजिनांचे इतके व्हिडिओ पाहिले होते की झोपेतही तो कुणाला तरी गिअरबॉक्स समजावून सांगायचा. नवं इंजिन निळं, देखणं. घरातली बाळाची दुपटी एकेक करून नाहीशी व्हायला लागली, तेव्हा सून ती शोधत धक्क्यावर गेली, तर हा त्या दुपट्यांनी इंजिन पुसत होता. बाळाच्या ओठांवरचं दूध पुसायला शर्टाची बाही चालायची. इंजिनाला मात्र दुपटंच हवं.

दुपारी बोट पाण्यात उतरली. धक्क्यावरची सल्लागार मंडळी, म्हणजे ज्यांच्या स्वतःच्या बोटी घरामागे उलट्या पडल्या होत्या ते सगळे, हात मागे बांधून हजर होती. रंग पाहून माना डोलल्या. मग बोट तरंगली आणि माना थांबल्या. तिचं नाक खाली आणि शेपूट वर. चिखलात काहीतरी हरवलंय आणि ते शोधतेय अशा बदकासारखी. नवऱ्याने इंजिन सुरू केलं. ते मांजरासारखं गोड गुरगुरलं. पण मागचा पंखा अर्धा पाण्याबाहेर. नुसता फेस घुसळत राहिला. बोट जागची हलेना.

"इंजिन उत्तम आहे," इंजिनवाला म्हणाला. तो इंजिन विकायला आणि बसवायला आला होता, दोष घ्यायला नव्हे. "बोट चुकली."

"बोट कशी चुकेल? ती आधीपासून आहे."

"तेच तर म्हणतोय मी. जुनी आहे."

झालं होतं ते असं. जुनं इंजिन म्हणजे लोखंडाचा डोंगर. ते बोट पुढे ढकलायचं आणि गुपचूप बसल्या बसल्या तिची मागची बाजू पाण्यात दाबूनही धरायचं. नव्याची ताकद दुप्पट, वजन निम्म्याहूनही कमी. नवऱ्याला ताकद पाठ होती, गॅरंटी पाठ होती. वजनाचा आकडा वाचून तर तो हरखला होता: काय हलकं आहे.

सल्ल्यांना ऊत आला. पंखा मोठा लावा. नाक थोडं तासा. जुनं इंजिनच मागे ठेवून द्या, असंही एकाने सुचवलं, पण ते भंगारवाल्याने कधीच तोडून नेलं होतं. शेवटी वाळूची पोती आणून मागे रचली. शेपूट खाली बसलं, पंखा बुडाला, बोट निघाली. मंडळींपैकी प्रत्येकजण म्हणाला, मी तेच सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी बोटींना परवाना देणारा तपासनीस आला. हंगाम परवावर येऊन ठेपलेला.

"हे काय आहे?"

"वाळू आहे साहेब."

"वाळू मलाही दिसतेय. सुटं वजन आहे हे. लाटेत पोती सरकली की बोट कलंडणार. परवाना देता येणार नाही."

वैताग याचा की त्याचं म्हणणं बरोबर होतं. "पक्कं वजन बसवा. बोट वर काढा, तळ वाळवा, सिमेंट ओता, आणि मग मला बोलवा."

बोट वर काढायची जागा मिळवायला पुन्हा वर्षभराची रांग होती. नवऱ्याने खिशातला मोबाईल चाचपला. एजंटचा नंबर त्यातच होता. ती बाळाला कडेवर घेऊन डबा द्यायला आली होती. तिने डबा खाली ठेवला.

"साहेब, मागे माणूस बसवला तर चालेल?"

"माणूस न चालायला काय झालं? माणूस म्हणजे खलाशी. तो सरकला तर स्वतःच्या जबाबदारीवर सरकतो."

"अंगाने भारी असला तरी?"

तपासनिसाने जरा विचार केला. "माणसाचं वजन नियमात विचारलेलं नाही."

तिने वर पाहिलं. समोरच्या कट्ट्यावर, सगळ्यांकडे पाठ करून पण मान पुरती वळवून, आप्पा बसले होते. दोन माणसांची जागा अडवून. नवऱ्याची नजर तिच्या नजरेमागे गेली.

"नाही," तो म्हणाला. "ते येणार नाहीत."

"दिवसभर नुसतं बसायला दुसरं कोण येणार आहे?"

"अगं, कुठल्या तोंडाने सांगू मी त्यांना?"

"याच. पण आधी मी जाते."

वाटेत तिने एक छानसं खोटं घडवून ठेवलं. "आप्पा, हे म्हणत होते, इंजिन नवं आहे. तुमच्यासारखं अनुभवी माणूस सोबत असलं तर बरं होईल."

"अनुभव हवाय?"

"हो ना."

"मग मी पुढे बसतो. पुढून पाणी चांगलं दिसतं."

तिने बाळाच्या झबल्याची नाडी उगाच पुन्हा बांधली.

"मागे बसायचंय ना?" आप्पा म्हणाले. "मी इथून सगळं बघितलंय, सूनबाई. मी किती पोत्यांचा?"

"दोन," ती खाली बघत म्हणाली. "पण अगदी टोकाला बसलात तर पुरेल."

"दोनच?" आप्पांना जरा लागलं. मग ते म्हणाले, "तो एजंट बाजारात भेटला होता मला. मला कळतं ते. पण हे तुझ्या नवऱ्याने स्वतः येऊन सांगायचं. आणि ठकीला मध्ये घालायचं नाही."

मुलगा आला. हात पुसून झाले, पुन्हा पुसून झाले.

"आप्पा, बोटीत या."

"कशाला?"

अनुभव हवाय म्हणून वेळ मारून नेता आली असती. "शेपूट वर येतंय," तो म्हणाला. "माझ्या लक्षातच आलं नाही. तुम्ही असता तर आलं असतं."

"माझ्या तरी कुठे आलं असतं? मी जन्मात कधी इंजिन काढलं नाही." आप्पांनी नाक शिंकरलं. "पण मी तिथे हवा होतो."

"हो."

"खुर्ची माझीच न्यायची. बोल्टने पक्की करायची. आणि वर छत्री."

तपासनिसाने कागदावर पेन टेकवलं. "यांचा हुद्दा?"

"मुख्य," आप्पा म्हणाले.

"मुख्य काय?"

"ते पुढे ठरवू."

त्याने खलाशी लिहिलं आणि शिक्का मारला.

हंगामाच्या पहिल्या सकाळी बोट निघाली. ना नाक खाली, ना शेपूट वर. मागच्या टोकाला खुर्ची, खुर्चीत आप्पा, आप्पांवर छत्री. "डावीकडे घे," त्यांनी फर्मावलं. "डावीकडेच आहे," मुलगा ओरडला. "मग अजून घे." घरात इतके दिवस तुंबलेलं सगळं बाहेर पडत होतं. जुनं इंजिन असतं तर त्याच्या धडधडीत काही कळलं नसतं. हे नवं इतकं मुकाट चालायचं की बापलेकांचं भांडण अख्ख्या धक्क्याला ऐकू जात होतं. एजंटने एकदा बोटीकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि बॅग उचलून चालू लागला.

तो वळणापलीकडे जाईपर्यंत ती बघत राहिली. मग बाळाच्या टाळूवर हनुवटी टेकवून तिने डोळे मिटले. हसू आवरेना आणि रडूही. बाळ गाढ झोपलं होतं.

ठकीने पदर ओढला. "आई, आता आजोबा रोज जाणार?"

"रोज. वर्षभर."

"आणि मग?"

"मग बोट वर काढायला जागा मिळाली की तळात सिमेंट ओतायचं. आजोबांइतकं जड. म्हणजे आजोबांना उन्हात जायला नको." आनंदाची बातमी सांगावी तसं तिने सांगितलं.

लांबवर आता नुसती छत्री दिसत होती, आणि तिच्याखालून हुकूम सोडणारा एक हात. ठकी त्या हाताकडे बघत राहिली.

"मग आजोबा कुठे बसणार?"