खालचा ठिपका

तिसऱ्यांदा बेरीज करूनही आकडे जुळेनात. सात नंबरच्या काचेवर थोरलीने शंभरातल्या बेचाळीस पेशींत एकच ठिपका मोजला होता, धाकटीने फक्त सहा पेशींत.

या दोघी काही बहिणी नव्हत्या. प्रयोगशाळेतली सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी म्हणून एक थोरली आणि सगळ्यांत नवी म्हणून दुसरी धाकटी. नावं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी पाडली आणि ती चिकटली. थोरलीचं हे सहावं वर्ष. घरून आईचा फोन आला की आता 'कधी संपणार?' असा प्रश्नही येत नसे. आई नुसती 'जेवलीस का?' विचारायची, आणि तेच जास्त लागायचं.

विषय सांगायला सोपा होता. पेशीत सेंट्रोसोम नावाचा एक बारीकसा ठिपका असतो. दुभंगण्याआधी पेशी त्याचे दोन करते, तेही एकदाच. दोन ठिपके दोन टोकांना जातात आणि गुणसूत्रांची वाटणी होते. तीन झाले तर ओढाताण, एकच राहिला तर सगळं अडून बसतं. मग 'आता कर' आणि 'आता पुरे' हे पेशीला सांगतं कोण? थोरलीचं म्हणणं होतं की एक प्रथिन 'आता कर' म्हणतं. ते काढून घेतलं की दुभंगायला निघालेल्या पेशींत एकच ठिपका दिसतो. या एका आकड्यावर तिचा शोधनिबंध उभा होता, निबंधावर पदवी, आणि पदवीवर दुसऱ्या शहरातली एक नोकरी. नोकरीवाले महिनाअखेरपर्यंतच थांबणार होते.

मोजणाऱ्याच्या मनाने आकडा वाकवू नये म्हणून प्रत्येक काचेवरचं नाव तंत्रज्ञ मामा चिकटपट्टीने झाकत आणि वर नंबर टाकत. कुठली काच कशाची याची यादी त्यांच्या कुलूपबंद खणात. दोघींनी वेगवेगळं मोजायचं. आज यादी उघडली, तर सात नंबर प्रथिन काढलेल्या पेशींचाच निघाला.

"जुळत नसेल तर जुन्या माणसाचा आकडा धरायचा," मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या. "धाकटीची नजर अजून बसायची आहे. निबंध संध्याकाळी पाठवून टाकू."

थोरलीने मान डोलावली. हिचं कुठे चुकतंय ते दाखवून द्यावं, म्हणून ती धाकटीला दोन जणांना एकदम बघता येणाऱ्या सूक्ष्मदर्शकाकडे घेऊन गेली.

"ही बघ. एक. दिसतो ना?"

"दिसतो, ताई."

"मग दोन कुठून आणलेस? घरून?"

धाकटी हसली नाही. "जरा खाली जाऊ का?"

"जा."

धाकटीने नजर वर-खाली नेणारी बारीक चकती फिरवली. वरचा ठिपका विरघळत गेला. मग काळोख. आणि मग, ज्या धुरकट डागाला थोरली इतके दिवस कचरा समजत आली होती, तो हळूहळू आवळत गेला आणि लखलखीत ठिपका झाला.

थोरलीने स्वतः चकती हातात घेतली. पुढची पेशी. तिच्याही खाली एक. त्याच्या पुढच्या पेशीतही. ठिपके दोनच होत होते, वेळच्या वेळी. फक्त प्रथिन काढलेल्या बऱ्याच पेशी आडव्या दुभंगण्याऐवजी उभ्या दुभंगत होत्या, एक ठिपका छताला, दुसरा तळाशी. साध्या पेशी आडव्याच पडत, म्हणून त्या मोजताना कधी चूक झाली नव्हती.

"तळापर्यंत जायचं, मग वर यायचं, मगच मोजायचं. हे तूच शिकवलंस मला, पहिल्या आठवड्यात," धाकटी म्हणाली.

"मग मला कोणी शिकवलं नाही वाटतं."

कधीपासून आपण खाली जायचं सोडलं, हे तिला आठवेना. बहुधा दोन हजाराव्या पेशीनंतर. मनगट दुखायचं, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, आणि जे हवं होतं ते वरच दिसत होतं.

धाकटी हळूच म्हणाली, "मॅडम तुझाच आकडा धरणार आहेत. मी काही बोलणार नाही, ताई. खरंच."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. पोरगी मनापासून बोलत होती, याचाच तिला राग आला, आणि रागवायचंही त्राण नव्हतं. खुर्चीतून उठायलाच तिला बराच वेळ लागला.

मॅडमच्या दारात ती आत न जाता उभी राहिली. "निबंध पाठवू नका. धाकटीचा आकडा बरोबर आहे. सेंट्रोसोम दुप्पट होतात, मी वरचाच मोजत होते."

मॅडमनी समोरचा निबंध बाजूला सारला. मग म्हणाल्या, "सगळ्या काचा?"

"प्रथिन काढलेल्या सगळ्या."

"आणि नोकरी?"

"त्यांना आज कळवते."

मामांनी नवी चिकटपट्टी कापायला घेतली. एकशे वीस काचा. पहिली काच लावून थोरली बसली, तेवढ्यात फोन वाजला.

"जेवलीस का गं?"

"नाही, आई," ती म्हणाली, आणि फोन खांद्यात धरून चकती तळापर्यंत फिरवत नेली. "अजून वेळ लागेल. वर्षभर तरी."