उठावाचं नाव

माझ्या धाकट्या बहिणीच्या, रियाच्या लग्नाची पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची होती, आणि त्याआधी ती बाबांनी वाचायला हवी होती. साखरेच्या आजाराने बाबांची दृष्टी गेली आहे. ‘माझं नाव उठावाचं कर ताई, बाबा बोटांनी वाचतील,’ असं रिया मुंबईहून फोनवर म्हणाली आणि मोकळी झाली. निस्तरायला इथे जामसंड्यात मी, भक्ती, आहेच.

नाव छापून ओल्या शाईवर सोनेरी पूड टाकायची, जादाची झटकायची, मग गरम हवा सोडायची. पूड वितळून अक्षर फुगतं. सांगायला सोपं. साधी शाई पूड टाकेपर्यंत कागदात मुरायची आणि ‘रिया’ची वेलांटी गायब. सावंतवाडीहून दाट रंगीत शाई आणली, ती ओली राहायची, पण जरा हात लागला की पसरायची. शेवटी बिनरंगी, चिकट शाई मागवली. मान धरली, कंबर धरली, पण नाव उठलं.

नाव उठलं आणि सोबत पत्रिकेचा कोपराही. आयेने माझ्या नकळत तिथे ओली हळद लावली होती. पूड तिलाही चिकटली आणि गरम हवेने अंगठ्याएवढं सोनेरी ढेकूळ झालं.

“आये, आधी हळद नको म्हटलं होतं ना?”

“हळदीबिगर पत्रिकेक हात लावूचो नाय गो,” आये म्हणाली. पालथ्या घड्यावर पाणी.

मी कोरी पत्रिका घेतली. ह्या वेळी सगळं नीट जमलं. ती बाबांच्या हातात दिली. होडीचे दोर ओढून जाड झालेलं त्यांचं बोट नावावरून गेलं, परत आलं, पुन्हा गेलं.

“माका काय कळणा नाय गो,” ते म्हणाले.

मला इतकं दमल्यासारखं झालं की मी खालीच बसले. त्यांना वाईट वाटलं असणार. चाचपडत त्यांनी बाजूची बिघडलेली पत्रिका उचलली आणि त्यांचं बोट कोपऱ्यावर थांबलं.

“हयसर तुझ्या आयेचो आंगठो आसा,” ते म्हणाले, आणि तिथेच बोट फिरवत राहिले. आये पदराने तोंड पुसत आत गेली. एवढा जीव मी काढला आणि बाबांना सापडला तिचा अंगठा. मला राग आला, खरंच आला, आणि रडूही.

“हीच देवाक ठेव,” बाबा म्हणाले. “आणि रियाक सांग, बापाशीन तुझा नाव वाचल्यान.”

मी फोन लावला आणि तसंच सांगितलं. रियाने नाक ओढत विचारलं, “ताई, शेवटी कुठली शाई चालली गो?”

बिनरंगी, मी म्हटलं, आणि उरलेल्या पत्रिका पुढे ओढल्या.